६२ टक्के की १२ टक्के?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घरभेटींमुळे नवजात बालमृत्यू निम्म्यावर’, ‘अमुक योजनेमुळे कुपोषण इतके टक्के घटले’ अशा धाटणीच्या बातम्या सगळ्याच वृत्तपत्रांत येतात. खाली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ किंवा जागतिक बँकेचा हवाला असतो. आकडा बहुधा खोटा नसतो. पण जगभरच्या दहा-वीस अभ्यासांची गोळाबेरीज करून तो ज्या रीतीने तयार होतो, त्या रीतीबद्दल लिहायला हवे, कारण तोच आकडा पुढे मंत्रालयातल्या टिपणीत जातो, तिथून अंदाजपत्रकात आणि शेवटी आशाताईंच्या तपासणी-फॉर्मवर उतरतो.

एकच उदाहरण घेतो. त्याची सुरुवात गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९३ ते १९९५ नुसती मोजणी झाली, त्यानंतर तीन वर्षे उपचार. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, उपचाराच्या गावांत नवजात मृत्युदर, म्हणजे जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण, हजारी २५.५ होता आणि तुलनेच्या गावांत ५९.६. सुरुवातीचा फरक जमेस धरून निव्वळ घट ६२ टक्के आली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ च्या डिसेंबरात हा लेख छापला आणि घरी जाऊन बाळ वाचवता येते, ही गोष्ट जगाने प्रथमच गांभीर्याने घेतली. खर्च दर बाळामागे सुमारे ५.३ डॉलर होता.

पुढे २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या शिवगढ इथल्या चाचणीत ५४ टक्के घट दिसली, बांगलादेशातल्या सिल्हेटला ३४ टक्के. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढले: बांगलादेश, भारत आणि पाकिस्तानातल्या अभ्यासांनुसार, जिथे मृत्युदर जास्त आहे तिथे घरभेटींनी नवजात मृत्यू ३० ते ६१ टक्क्यांनी कमी होऊ शकतात. मग सरकारी यंत्रणांमार्फत केलेल्या चाचण्यांचे निकाल येऊ लागले आणि आकडे उतरू लागले. पाकिस्तानात सिंधमधल्या हाला इथे २०११ मध्ये १५ टक्के. हरियाणात २०१२ मध्ये ९ टक्के. घानाच्या ‘न्यूहिंट्स’ चाचणीत २०१३ मध्ये ८ टक्के. घानाच्या संशोधकांनी आपला निकाल दक्षिण आशियातल्या, प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या परिस्थितीत झालेल्या तीन चाचण्यांबरोबर एकत्र केला तेव्हा सरासरी घट निघाली १२ टक्के.

आता आरोग्य सचिवाने यातला कुठला आकडा धरायचा? ६२, ३०, १२ की ८? खरे तर हे सगळेच आकडे बरोबर आहेत. चूक आहे ती त्यांना एकाच गोष्टीचे माप समजण्यात.

‘घरभेट’ या एका शब्दाखाली काय काय दडले होते ते जवळून पाहा. गडचिरोलीतली कार्यकर्ती जन्माच्या वेळी हजर राहायची, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली की आई-वडिलांच्या संमतीने घरातच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायची. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. शिवगढमध्ये इंजेक्शन नव्हते. तिथे भर होता बाळ उबदार ठेवणे, आईच्या त्वचेशी बिलगून ठेवणे आणि लगेच अंगावर पाजणे यावर. तिथे तुलनेच्या गावांतला मृत्युदर हजारी ८४ होता, म्हणजे वाचवता येण्याजोगी बाळे खूप होती. घानामध्ये कार्यकर्ते समजावत, वजन करत, धोक्याची लक्षणे पाहत आणि दवाखान्यात पाठवत. हाला इथे सरकारी लेडी हेल्थ वर्कर होत्या. त्यांनी ठरलेल्या गटबैठकांपैकी ६३ टक्के घेतल्या, पण १२,०२८ जिवंत जन्मांपैकी प्रत्यक्ष भेट झाली ती २,९४३ बाळांची, म्हणजे चारांतल्या एकाची.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शिते एकाच भांड्यातली असावी लागतात. इथे बिर्याणी, मऊभात आणि अर्धकच्चा भात अशी तीन शिते एका ताटलीत घेऊन सरासरी चव काढली.

हरियाणाच्या निकालात तर याहून मोलाची गोष्ट होती. संपूर्ण चाचणीत घट ९ टक्के आणि तीही निश्चित म्हणता येणार नाही अशी. पण घरी जन्मलेल्या बाळांत मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी झाला होता आणि दवाखान्यात जन्मलेल्या बाळांत फरक नव्हताच. आता हे आपल्याकडच्या पाहणीशेजारी ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, भारतात ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ती ८८.६ टक्के झाली, महाराष्ट्रात ९४.७ टक्के. म्हणजे ज्या परिस्थितीत घरभेटीचा गुण दिसला ती परिस्थितीच देशातून झपाट्याने नाहीशी होत होती. १२ टक्क्यांच्या सरासरीत हा मुद्दा कुठेच दिसत नाही. तो दिसायला हरियाणाची तक्ताबंदी उघडावी लागते आणि धोरण ठरवणाऱ्याच्या टेबलावर ती तक्ताबंदी पोचत नाही, पोचतो तो चार पानी सारांश.

व्याप्तीची गोष्ट तर आधीच समोर आली होती. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वतःच्या ‘बुलेटिन’मध्ये दक्षिण आशियातल्या पाच चाचण्यांचा पद्धतशीर आढावा छापला गेला. सरासरी घट ३८ टक्के. पण त्याच लेखात हेही होते की कार्यक्रम जितक्या जास्त घरांपर्यंत पोचतो तितकी घट जास्त, आणि निम्म्याहून कमी घरांपर्यंत पोचला तर फायदा दिसेलच असे नाही. नवा देश योजना आखताना हेच विचारणार: आमच्या यंत्रणेला किती घरांपर्यंत पोचता येते? पण चर्चेत राहतो तो ३८ चा आकडा.

भारताने २०११ मध्ये घरगुती नवजात काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम आशांमार्फत सुरू केला. दवाखान्यात जन्म झाला असेल तर सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जन्म झाला तर पहिल्या दिवसाची धरून सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. इंजेक्शनचे काम आशाकडे नाही. २०१४ च्या सूचनांनुसार ते ठरावीक परिस्थितीत एएनएमकडे (उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे) आहे. व्यवहाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण या कार्यक्रमाकडून गडचिरोलीच्या ६२ टक्क्यांची अपेक्षा धरणे म्हणजे कृतीतले दोन मुख्य जिन्नस (जन्माच्या वेळची हजेरी आणि इंजेक्शन) काढून त्याच चवीची वाट पाहणे. आणि ती चव आली नाही की खापर फुटते आशाताईंच्या डोक्यावर.

इथवर झाली एकत्र करण्याआधीची गफलत. बेरीज करतानाच्या चुका वेगळ्या, आणि त्या नेमाने होतात.

पहिली, गावांऐवजी बाळे मोजणे. अशा चाचण्यांत उपचार कुणाला द्यायचा याची चिठ्ठी बाळाच्या नावाची निघत नाही, गावाच्या नावाची निघते. एका गावातली बाळे एकमेकांसारखी असतात: तोच दवाखाना, तोच रस्ता, तीच सुईण. समजा ४० गावे आणि गावागणिक १०० जन्म, म्हणजे ४,००० बाळे. गावातल्या साधर्म्याचा गुणांक नुसता ०.०१ धरला तरी बाळांच्या संख्येला भागायचा आकडा येतो १ + (१०० − १) × ०.०१ = १.९९. म्हणजे या ४,००० बाळांतून मिळणारी माहिती साधारण २,०१० स्वतंत्र बाळांइतकीच. हा भागाकार मूळ लेखात केला नसेल आणि आढावा घेणाऱ्यानेही केला नाही, तर त्या अभ्यासाला बेरजेत दुप्पट वजन मिळते आणि त्याची अनिश्चितता खरी आहे त्यापेक्षा बरीच कमी दिसते. गुणांक छापलेला नसेल तर त्याच भागातल्या दुसऱ्या अभ्यासातला उसना घ्यावा आणि तसे लिहावे. हे काम एका दुपारचे आहे. ते सुटते कारण आराखड्यात ते कुणाच्या नावावर नसते.

दुसरी, तुलनेचा एकच गट दोनदा वापरणे. सिल्हेट आणि शिवगढ या दोन्ही चाचण्यांत तीन गट होते: दोन वेगवेगळे उपचार आणि एक तुलनेचा. दोन्ही उपचारांच्या ओळी तुलनेच्या त्याच बाळांसमोर मांडल्या की ती बाळे बेरजेत दोनदा येतात. एक तर दोन्ही उपचारगट एकत्र करावेत, नाही तर तुलनेचा गट निम्मा निम्मा वाटावा. सिल्हेटमध्ये दोन्ही गट एकत्र करणेही अवघडच, कारण तिथे घरभेटींच्या गटात ३४ टक्के घट होती, तर सामुदायिक बैठकांच्या गटात जेमतेम ५. शिवाय ते ३४ टक्के तीस महिन्यांच्या कामातल्या शेवटच्या सहा महिन्यांचे आहेत, जसे गडचिरोलीचे ६२ टक्के तिसऱ्या वर्षाचे. कार्यक्रम रुजल्यावरचा आकडा घेणे योग्यच आहे, पण शेजारच्या ओळीत दुसऱ्या चाचणीचा पहिल्या दिवसापासूनचा आकडा असेल तर दोन्ही ओळींवर कालावधी लिहिलेला हवा.

तिसरी, एकाच अभ्यासाचे अनेक लेख वेगवेगळे अभ्यास समजणे. गडचिरोलीच्या त्याच माहितीवर १९९९ नंतरही, विशेषतः २००५ मध्ये एका नियतकालिकाच्या पुरवणीत, अनेक लेख आले. प्रत्येकात वेगळा मुद्दा, वर्षे थोडी वेगळी. गाव, वर्ष आणि संस्था यांची जुळणी करून ‘अभ्यास’ आणि ‘लेख’ असे दोन वेगळे क्रमांक दिले नाहीत, तर एकच ३९ गावे यादीत तीनदा दिसतात.

चौथी चूक सर्वांत लोकप्रिय, कारण ती लोकशाहीसारखी वाटते: मतमोजणी. किती अभ्यास ‘यशस्वी’, किती ‘अयशस्वी’. घानाची विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा परिणाम ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, २५ टक्के घट ते १२ टक्के वाढ, म्हणजे शून्य मध्ये आले, म्हणून अयशस्वी. हरियाणाची २० टक्के घट ते ३ टक्के वाढ, म्हणजे तीही अयशस्वी. हालाची ४ ते २४ टक्के घट, ती यशस्वी. एकास दोन मतांनी ठराव नामंजूर! पण तिन्ही निकाल एकाच दिशेला आहेत आणि एकमेकांना छेद देत नाहीत. घानाच्या संशोधकांनी चार चाचण्या रीतसर एकत्र केल्या तेव्हा १२ टक्के घट आणि तिची मर्यादा ५ ते १८ आली. शून्य बाहेर पडले. मतमोजणीने जे हरले असते ते बेरजेने सिद्ध झाले.

मग बेरीज नेहमीच करावी का? नाही. या चार चाचण्या एकमेकींशी जुळत होत्या म्हणून ती शोभली. गडचिरोली आणि शिवगढ त्यात ओतले असते तर मधलाच एक आकडा आला असता, जो कुठल्याही गावात कधी घडला नाही. अभ्यासांत इतका फरक असतो तेव्हा सरासरीच्या मर्यादेऐवजी अंदाजाचा पट्टा छापावा. ‘सरासरी कुठून कुठवर असू शकते’ हे विश्वास-मर्यादा सांगते. ‘पुढच्या जिल्ह्यात निकाल कुठून कुठवर लागू शकतो’ हे अंदाजाचा पट्टा सांगतो. जिल्हाधिकाऱ्याला दुसऱ्याशी मतलब आहे. हा पट्टा बहुतेक वेळा रुंद येतो, कधी शून्य ओलांडतो, आणि म्हणूनच संस्थांना तो छापायला आवडत नाही. पण अभ्यासांत फरक कशामुळे आहे हे शोधायला भाग पाडणारी तीच ओळ असते.

टक्क्यांबरोबर मूळ दर हवा, हे वाचकांना सांगायला नको. १२ टक्केच धरू. गडचिरोलीत १९९३-९५ मध्ये दर हजारी ६२ होता. एक लाख जन्मांमागे ७४४ बाळे वाचली असती. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर ११ होता. तेच १२ टक्के इथे लाखामागे १३२ बाळे. तीही बहुधा नाहीत, कारण दर इतका खाली आल्यावर उरलेले मृत्यू मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे, जन्मजात दोषांचे आणि पहिल्या चोवीस तासांतले असतात; आशाताई तिसऱ्या दिवशी पोचण्याआधीच ते घडून गेलेले असतात. याचा अर्थ घरभेटी बंद करा असा नाही. कमी वजनाचे बाळ दवाखान्यातून घरी आल्यावर त्या भेटींना वेगळे मोल आहे. पण ते मोल मोजायला दुसरा प्रश्न विचारावा लागेल आणि आढावाही दुसरा लागेल.

चाचण्यांची ही स्थिती असेल, तर आंतरराष्ट्रीय संस्थांच्या प्रकल्प-मूल्यमापनांची गोळाबेरीज आणखी कच्ची. संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यमापन कार्यालयांनी अलीकडे शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी अशी मोठी मोहीम हाती घेतली आहे आणि तो प्रयत्न स्वागतार्ह आहे. अडचण कच्च्या मालाची. हे अहवाल बहुतेक आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या निकषांवर बेतलेले असतात. १९९१ चे पाच निकष २०१९ मध्ये सहा झाले: प्रस्तुतता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, टिकाऊपणा. प्रत्येकाला बहुधा ‘समाधानकारक’ किंवा ‘अंशतः समाधानकारक’ असा शेरा. शेरे म्हणजे परिणाम नव्हेत. प्रकल्पाने स्वतःचे उद्दिष्ट गाठले का एवढेच ते सांगतात आणि उद्दिष्ट बेताचे ठेवले की शेरा चांगला येतो.

शंभर अहवाल वाचून ‘इतक्या अहवालांत समन्वयाचा अभाव आढळला’ असे निष्कर्ष काढतात, त्यातही मेख आहे. अहवाल लिहिणारा सल्लागार त्याच्या कार्यकक्षेत विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देतो. समन्वयाचा प्रश्न सगळ्यांना विचारला होता, म्हणून समन्वयाचा अभाव सगळीकडे सापडला. औषधांचा साठा संपण्याबद्दल कुणी विचारलेच नाही, म्हणून तो कुठेच नाही. तेव्हा मोजताना ‘किती अहवालांत आढळले’ याच्या शेजारी ‘किती अहवालांत शोधले होते’ हा रकाना हवाच. शिवाय एकाच प्रकल्पाचा मध्यावधी आणि अंतिम अहवाल दोन धरले जातात, आणि मध्येच गुंडाळलेल्या प्रकल्पांचे मूल्यमापन बहुधा होतच नाही, त्यामुळे गोळाबेरीज जगल्या-वाचलेल्यांचीच.

सुधारणा होत नाहीत असे नाही. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्याच एका लेखाने दाखवून दिले होते की जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी पद्धतशीर आढाव्यांपेक्षा त्या-त्या विषयातल्या तज्ज्ञांच्या मतावरच फार चालतात. त्याच वर्षी संघटनेने मार्गदर्शक सूचनांची छाननी करणारी समिती नेमली. आज संघटनेच्या शिफारशींमागे पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, कमी की अतिशय कमी हे लिहिलेले असते, आणि खर्च, समन्याय, व्यवहार्यता यांचेही रकाने असतात. २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या काळजीच्या शिफारशी त्याच रीतीने निघाल्या. सांगाडा तयार आहे, फक्त त्याच्या आत काय भरायचे यावर आमचा जोर आहे.

आमच्या मते कुठल्याही आढाव्याचा पाया एकच मोठा तक्ता असावा आणि तो अहवालासोबत स्प्रेडशीट म्हणून खुला करावा. पीडीएफमधला तक्ता कुणी पुन्हा तपासत नाही. एक ओळ म्हणजे एक अभ्यास. रकाने असे: जागा आणि वर्षे, सुरुवातीचा दर, दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण, भेट देणारी कोण आणि तिचे प्रशिक्षण किती दिवसांचे, ठरलेल्या भेटी किती आणि झाल्या किती, पहिली भेट जन्मानंतर किती तासांत, हातात औषध होते की नुसता सल्ला, देखरेख करणारी व्यक्ती किती जणींमागे एक, बाळामागे खर्च आणि त्यात पगार धरला की नाही, मृत्यूची नोंद कोणी केली आणि त्याला गट ठाऊक होता का. उपाय नेमका काय होता हे लिहिण्यासाठी २०१४ पासून बारा मुद्द्यांची आंतरराष्ट्रीय यादी उपलब्ध आहे. तरीही मूळ लेखांत यातले निम्मे सापडत नाही. तेव्हा संशोधकांना पत्र लिहावे, एकदा आठवण करावी, सहा आठवडे थांबावे, आणि उत्तर आले नाही तर रकाना रिकामा ठेवावा. रिकामे रकाने पाहूनच पुढच्या अभ्यासाला काय मोजायला सांगायचे ते कळते.

तक्ता दोघांनी एकमेकांना न दाखवता भरायचा, फरक पडला तर तिसऱ्याने पाहायचा. ज्याने मूळ चाचणी केली त्याने स्वतःच्या चाचणीला गुण द्यायचे नाहीत. समजावून सांगायला मात्र त्याला जरूर बोलवावे. कुठले गट पाडणार, म्हणजे औषधासह आणि औषधाविना, घरी जन्म आणि दवाखान्यात जन्म, हे निकाल पाहण्याआधी नोंदवून जाहीर करावे. निकाल पाहून पाडलेल्या गटांत हवे ते सापडते.

शोध इंग्रजी नियतकालिकांपुरता ठेवू नये. गडचिरोलीची पद्धत महाराष्ट्रातल्या सात स्वयंसेवी संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात आपापल्या भागांत राबवली होती. अशा प्रकल्पांत तुलनेचा गट नसला की आढाव्याच्या चाळणीत ते बाद होतात. परिणामाच्या बेरजेतून वगळणे योग्यच, पण दुसऱ्या संस्थेने हे काम उभे कसे केले, माणसे कशी टिकवली, कुठे अडले, याचा पुरावा तिथेच असतो. त्यासाठी त्यांना वेगळ्या दाराने आत घ्यावे.

आणि सगळ्यात आधी करायचे ते सगळ्यात शेवटी होते: निर्णय घेणाऱ्याला विचारणे. शोध सुरू होण्यापूर्वी आरोग्य विभागाच्या दोन अधिकाऱ्यांबरोबर अर्धा दिवस बसले की प्रश्नच बदलतो. ‘घरभेटी उपयोगी आहेत का’ याऐवजी ‘बाळंतपणे दवाखान्यात होत असताना, एका आशाकडे हजार लोकवस्ती असताना, हाच पैसा घरभेटींवर लावावा की तालुक्याच्या नवजात कक्षातल्या परिचारिकांवर’ असा तो येतो. अंतिम मुदतही तेव्हाच कळते. पूर्ण आढाव्याला वर्षाहून अधिक काळ लागतो आणि अंदाजपत्रक थांबत नाही. तीन महिन्यांत हवा असेल तर काय गाळले ते पहिल्या पानावर लिहून छोटा आढावा द्यावा. मुखपृष्ठावर प्रकाशनाच्या तारखेशेजारी शोध कुठल्या तारखेपर्यंत घेतला तेही हवे. या दोन तारखांत दोन वर्षांचे अंतर पडणे नवलाचे नाही. २००९ च्या निवेदनानंतर चार वर्षांत तीन मोठ्या चाचण्यांनी चित्र बदलले होते.

पत्र लांबले आहे, तरी एक विनंती आपल्या वार्ताहरांसाठी. घानाच्या निकालाची बातमी ‘घरभेटींनी बालमृत्यू ८ टक्क्यांनी घटले’ किंवा ‘घरभेटी अपयशी’ अशी दोन्ही प्रकारे देता आली असती. त्याऐवजी ती अशी देता येते: ‘घानातल्या ब्राँग अहाफो भागात घरभेटी झालेल्या ४९ विभागांत हजार जन्मांमागे २९.८ नवजात दगावले, न झालेल्या ४९ विभागांत ३१.९. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मात्र दक्षिण आशियातल्या अशाच तीन चाचण्यांबरोबर धरल्यास सरासरी घट १२ टक्के येते. या भेटींत कार्यकर्ते सल्ला देऊन दवाखान्यात पाठवत होते.’ चार वाक्ये, एका कॉलमात बसतात.

आपले,
सार्वजनिक आरोग्य आणि मूल्यमापन क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, पुणे